आकड्याचं गाव

आमच्याकडे माणसाला नाव विचारायच्या आधी गाव विचारतात. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत पेणला चढलात, की शेजारचा थोडा सरकून जागा देतो आणि कासू यायच्या आत विचारतो, "कुठले?" नागोठण्याचा म्हटलं, तर नागोठण्यात कुठे? बाजारपेठेत म्हटलं, तर बाजारपेठेत कुणाकडचे? निडी येईपर्यंत एखादा सामाईक मावसभाऊ, तो नाही तर निदान सामाईक दाताचा डॉक्टर सापडतोच. तो सापडला की मग तुमचं बोलणं खरं धरायला हरकत नसते. त्याआधी तुम्ही सोनं उतरल्याचं सांगितलंत तरी शेजारी नुसतं "हं" करतो.

हाच चिकित्सक गृहस्थ मग खिशातून मोबाइल काढतो. अमक्या पाल्यात दुधाच्या सातपट कॅल्शियम असतं, असं त्यावर कुणीतरी पाठवलेलं असतं. गाडी रोह्याच्या फलाटाला लागायच्या आत ते वीस जणांना पुढे गेलेलं असतं. सातपट कुणी मोजलं? कुठल्या दुधाच्या, गायीच्या की म्हशीच्या? पाला ओला होता की वाळवून कुटलेला? माणसाच्या तीन पिढ्या खोदून काढणारे आम्ही लोक, पण आकडा दारात आला की त्याला थेट माजघरात पाट मांडतो.

मला हे प्रकर्षानं जाणवलं ते शेजारच्या काकूंमुळे. पेणचं नाव गणपतीमुळे जगभर झालं. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातले गणपती पार परदेशात जातात. पण गणपती वर्षातून एकदा, आणि पापड बारा महिने. काकू घरी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करतात. आजवर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून त्या विकायच्या. मग सुनेच्या आग्रहानं पाकीट छापून घ्यायचं ठरलं. पुढच्या बाजूला काय छापायचं यावर घरात वाद झाला नाही. गणपती आणि पापड. मागच्या बाजूला छापखानेवाल्यानं एक रिकामा चौकोन दाखवला आणि विचारलं, "इथं पोषणमूल्यं काय टाकू?"

तोडगाही त्यानंच सुचवला. त्याच्याकडे दुसऱ्या एका पापडाचं पाकीट होतं, त्यावरचा तक्ता जसाच्या तसा उतरवायचा. काकूंनी चष्मा लावून ते पाकीट वाचलं. ते उडदाच्या पापडाचं होतं.

"माझ्या पापडात उडीद नाही, तर त्याची प्रथिनं मी का लावू?" असं म्हणून काकू माझ्याकडे आल्या. "तू दिवसभर त्या नेटवर असतोस. एवढं बघून दे."

एवढं! मी आधी सोप्यात सोपं घेतलं: पोहे. पापडाचं मूळ तेच. पोह्यात कॅलरी किती, असं विचारल्यावर एकानं दीडशे सांगितल्या, दुसऱ्यानं अडीचशे आणि तिसऱ्यानं साडेतीनशे. गंमत अशी की तिघंही आपापल्या घरी खरे होते. पहिल्याचे पोहे वाटीभर, कांदा घालून केलेले. दुसऱ्यानं बटाटा, शेंगदाणे आणि वर शेव घातलेली. तिसऱ्यानं १०० ग्रॅम कोरडे पोहे डब्यातून काढून तसेच मोजलेले. पण हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. एका ठिकाणी माप म्हणून 'एक सर्व्हिंग' लिहिलं होतं. सर्व्हिंग म्हणजे किती, हे आमच्याकडे वाढणारीच्या मायेवर असतं.

मग वाटलं, पाच ठिकाणी बघू, जुळेल ते खरं. जुळलं, अगदी दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापर्यंत जुळलं, आणि तिथंच संशय आला. पाच वेगवेगळ्या लोकांनी पाच वेगवेगळ्या दुकानांतले पोहे मोजले तर आकडे असे गळ्यात गळा घालून येत नाहीत. पाचही जण एकाच घरून जेवून आले होते, एवढाच त्याचा अर्थ. काही अ‍ॅपांत तर वापरणारेच आपापल्या नोंदी करतात. 'घरचे पोहे, एक बशी' यापुढे कुणीतरी जी कॅलरी टाकली होती, तिच्यात मोजमाप कमी आणि वजन उतरण्याची आशा जास्त होती. हल्ली मोबाइलला तोंडी विचारलं तर तोही फार गोड आवाजात उत्तर देतो. त्याला "हे कुठून आणलंस?" असं विचारावं. कधी तो हैदराबादचं नाव घेतो. मग आपण स्वतः हैदराबादला जाऊन बघावं; म्हणजे अर्थात बोटानं.

कारण भारतातल्या बहुतेक खाण्याच्या आकड्यांचं मूळ घर तिथं आहे. राष्ट्रीय पोषण संस्था. तिचा जन्म मात्र निलगिरीतल्या कुन्नूरला, १९१८ साली, रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरानं बेरीबेरीच्या शोधासाठी मांडलेल्या एका छोट्या विभागातून. बेरीबेरी म्हणजे पांढरेशुभ्र सडीक तांदूळ खाणाऱ्यांचा रोग, तेव्हा भातखाऊ रायगडकरांनी या संस्थेला आपलं मानायला हरकत नाही. पुढे कुन्नूरलाच आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली मोठी पुस्तिका काढली. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली आणि १९७१ मध्ये गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांचं ते प्रसिद्ध पुस्तक निघालं. गृहशास्त्र शिकलेल्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. त्यानंतरचं नवं कोरं काम म्हणजे २०१७ची भारतीय अन्नघटक कोष्टकं. देशाचे सहा विभाग पाडून, बाजारांतून नमुने आणून, ५२८ पदार्थांचे १५१ घटक मोजलेले. ती कोष्टकं आता नेटवर कुणालाही वाचता येतात.

ती उघडली आणि पोह्यांच्या ओळीत १४८०च्या आसपास आकडा दिसला. १०० ग्रॅमला १४८०! आमच्या घरात एक क्षण शांतता पसरली. पोहे हा नाश्ता नसून स्फोटक आहे की काय? मग वरचं एकक दिसलं. ही कोष्टकं ऊर्जा किलोज्यूलमध्ये देतात. ४.१८४ नं भागलं की साडेतीनशेच्या थोडं वर येतं, म्हणजे तो तिसरा, कोरडे पोहे मोजणारा. तांदळाचाही आकडा जवळपास तेवढाच. पोहे हलके आणि भात जड, ही आपल्याकडची ठाम श्रद्धा तोळामासा वजनाला टिकत नाही. बशी लहान आणि ताट मोठं, एवढंच तिचं रहस्य.

खरा घोळ पुढे होता, आणि तो रोह्याला निघाला.

रोह्याला माझी आत्या असते. मुलींच्या शाळेत ती गृहशास्त्र शिकवायची. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण समोरच्याला अजून ती विद्यार्थीच समजते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. नोटेवर सही करणारा माणूस आपल्या गावचा, याचा परिणाम असेल, पण रोहेकरांना सहीशिवायचा आकडा चालत नाही, असा माझा अनुभव आहे. निदान आत्याला तरी. तिला मी फोनवर सांगितलं की १०० ग्रॅम पोह्यात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. ती म्हणाली, "वीस."

"आत्या, नवीन कोष्टकात—"

"वीस. ये इकडे, दाखवते."

गेलो. कपाटातून गोपालनांचं पुस्तक निघालं. पुठ्ठा सुटलेला, कडांना लाल शाईच्या खुणा, मध्ये कुठल्याशा वर्गाची हजेरी घडी घालून ठेवलेली. पोह्यांच्या ओळीत लोहाखाली छापलेलं होतं: २०. आणि माझ्या मोबाइलवर त्याच संस्थेचं, नव्या पिढीचं कोष्टक: साडेचारच्या घरात. दोघांचं गाव एक, घराणं एक, सही एक. आत्यानं दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत विचारलं, "मग साडेपंधरा मिलिग्रॅम लोखंड गेलं कुठे?"

हा प्रश्न मला अवघडच गेला.

हा फरक काही थोडाथोडका नाही. एका माणसाच्या बशीत साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे जातात. जुन्या हिशेबानं त्यातून १२ मिलिग्रॅम लोह मिळतं आणि नव्यानं पावणेतीनदेखील नाही. संस्थेनंच २०२० मध्ये सांगितलेली रोजची शिफारस पुरुषाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवून सकाळी दोन बशा पोहे खाणाऱ्या पुरुषाची दिवसभराची लोहाची चिंता मिटते, आणि नव्यावर ठेवला तर ती जेमतेम सुरू होते. लोह मोजणं हे मोठं नाजूक काम असतं. नमुन्यावर धूळ-माती बसलेली असली, धान्य लोखंडी यंत्रातून किंवा खलातून गेलेलं असलं, की तेही लोह मोजणीत शिरतं. जुन्या आणि नव्या प्रयोगशाळांच्या पद्धतीही वेगळ्या. पोहे तर बनतातच लोखंडाच्या माराखाली. तेव्हा त्या विसातलं पोह्यांचं किती आणि यंत्राचं किती, हे ज्याचं त्याला माहीत.

आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि नव्या कोष्टकाकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. त्याचं कारण मात्र लोह नव्हतं. "हे काय छापलंय आकड्याच्या पुढे? अधिक-उणे?"

ते होतं. नव्या कोष्टकांत आकड्याला बहुधा अधिक-उणेचं चिन्ह आणि एक छोटा आकडा जोडलेला असतो. नमुने एकमेकांपासून किती इकडेतिकडे गेले, ते त्यावरून कळतं. आत्याला ते फार आवडलं. "म्हणजे हे कबूल तरी करतात," ती म्हणाली. शंभर जाहिराती वाचून मला जे नेमकं धरता येत नव्हतं, ते तिनं तेवढ्यात धरलं. दूध, बदाम, नाचणी, शेवगा यांच्याबद्दल मोबाइलवर फिरणारा एकही आकडा कधी अधिक-उणे घेऊन येत नाही. तो छाती काढून येतो.

लोहाचा विषय निघालाच म्हणून मी तिला पालकाची गोष्ट सांगायला घेतली: एका जर्मन शास्त्रज्ञाच्या हातून दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलं, पालकातलं लोह दसपट झालं आणि त्यावरून कार्टूनमधला पालकखाऊ पॉपाय जन्माला आला. सांगता सांगता खात्री करावी म्हणून मोबाइल काढला, तर ती गोष्टच निराधार निघाली. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी ती लिहिली आणि मग ती जगभर पसरली. २०१० मध्ये माइक सटन या संशोधकानं मुळाशी जाऊन बघितलं, तर घसरलेल्या दशांश चिन्हाचा पुरावाच सापडेना. शिवाय पॉपायनं १९३२ मध्ये स्वतःच्या तोंडानं पालक खाण्याचं जे कारण दिलं होतं, ते लोह नव्हतं, अ जीवनसत्त्व होतं. 'आकडे तपासून घ्या' हे पटवायला लोक जी गोष्ट सांगतात, तीच कुणी तपासलेली नव्हती! आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

तेवढ्यात चहा आला. सोबत अर्थातच पोहे, वर लिंबाची फोड. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं पोह्यातलं लोह अंगी लागायला मदत होते आणि चहातल्या टॅनिनमुळे त्याला अडथळा येतो. म्हणजे मराठी नाश्त्यात दर सकाळी लिंबू आणि चहाची एक मूक मारामारी चालते आणि पंच कुणीच नसतो. हे कुठलंही कोष्टक सांगत नाही. कोष्टक फक्त बशीत काय आहे ते सांगतं. पोटात काय शिरतं, हा वेगळा विभाग.

दुपारी पडवीत डाळिंब्या सोलायला बसलो. रायगडात वालाचं बिरडं हा पदार्थ नसून मतप्रवाह आहे. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग अंगठा आणि बोट यांत धरून हलका दाब द्यायचा. साल मागे राहतं आणि डाळिंबी टुणकन उडी मारते. चांगल्या डाळिंबीची खूण म्हणजे ती वाडग्यात पडते. हट्टी असेल ती कपाटाखाली जाते. आत्याच्या कपाटाखाली दर आठवड्याला एक माणूस जेवेल एवढं बिरडं साठत असावं.

सोलता सोलता आत्या म्हणाली, "आता वाल बघ." अमेरिकेच्या शेती खात्याचं 'फूडडेटा सेंट्रल' हे दुसरं भरवशाचं घर, २०१९ पासूनचं. पण त्यातही वाडे वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवायचं. काही नोंदी सरकारी मोजणीच्या, आणि 'ब्रँडेड' या पाटीखालच्या नोंदी कंपन्यांनी आपापल्या पाकिटावरून दिलेल्या. दिसायला सगळे एकाच रांगेत उभे असतात. तिथं वाल शोधताना हात पोळतात, कारण नेटवर आपल्या वालाच्या नावाखाली लिमा बीन, ब्रॉड बीन असे नाना प्रकारचे दूरचे पाहुणे घुसलेले असतात. लॅटिन नाव लॅबलॅब पर्प्युरियस दिसलं की खुशाल समजावं, घरचा माणूस भेटला.

तर तिथं कोरड्या वालाच्या १०० ग्रॅममध्ये ३४४ कॅलरी आणि २३.९ ग्रॅम प्रथिनं, आणि त्याखालच्याच ओळीत उकडलेल्या वालात ११७ कॅलरी आणि ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. "शिजवल्यावर दोन वाटे प्रथिनं जातात म्हणजे!" असं आत्याची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि आत्याच्या अंगातली शिक्षिका जागी झाली. "अगं, गेली कुठे नाहीत, पाणी आलं." १०० ग्रॅम वाल शिजून अडीच-तीनशे ग्रॅम होतात, मग त्यातल्या १०० ग्रॅमच्या वाट्याला कमीच येणार. खाण्याच्या आकड्यांतले निम्मे चमत्कार हे निव्वळ पाण्याचे असतात. आणि बिरड्याला तर दोन्ही ओळी लागू नाहीत. आमचे वाल भिजलेले, मोडाचे, सोललेले. वर नारळ, कोकम आणि गूळ. या अवस्थेतल्या वालाची ओळ वॉशिंग्टनला कोण लिहिणार?

पाण्याचा हाच चमत्कार माझ्या भाच्याला फार भावला. तो पेणला जिममध्ये जातो आणि महागड्या डब्यातली प्रथिनांची पूड पितो. त्याला कुठेसं कळलं की सुक्या बोंबलात आणि सुक्या जवळ्यात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. आकडा खरा आहे, जुन्या कोष्टकांत तो आहे. ओल्या बोंबलात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ते उन्हानं नेलं की उरतं ते काय, प्रथिनंच. भाचा दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या कोळीणमावशींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, रोज १०० ग्रॅम जवळा खाणार. मावशींनी तराजूत १०० ग्रॅम जवळा टाकला. ढीग बघून त्या म्हणाल्या, "बाळा, एकटाच खानार? घरात मांजर-बिंजर नाय ना?"

भाकरीबरोबर जवळ्याची चटणी खाणारा माणूस फार तर १५ ग्रॅम जवळा खातो, म्हणजे नऊएक ग्रॅम प्रथिनं. वाईट नाही, उलट उत्तमच. संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. त्यातली नऊ जर भाकरीवरून आली तर कोण नको म्हणेल? भाच्यानं पूड सोडली नाही, पण जवळा वाढवला. त्याच्या आईची तक्रार आता वेगळी आहे: जिमच्या बॅगेला वास येतो.

तर काकूंचा चौकोन. पोह्यांची ओळ मिळाली, पण पोहे म्हणजे पापड नव्हे. पोह्याच्या पिठात पापडखार, मीठ, हिंग आणि तिखट घालतात, तेलाचा हात लावून पीठ कुटतात, दोऱ्यानं कापून लाट्या करतात आणि मग लाटतात. (लाट्या कच्च्याच, तेलात बुडवून खायच्या असतात. त्यांना जगातल्या एकाही कोष्टकात जागा नाही आणि नाही तेच बरं. कळलं असतं तर खाल्ल्या नसत्या.) मी काकूंना कागदावर हिशेब करून दाखवला. पाकिटावरचा तक्ता खरा की खोटा, याचा पहिला अंदाज कुणालाही घेता येतो: प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, कर्बोदकांचे गुणिले ४ आणि स्निग्धांचे गुणिले ९, यांची बेरीज छापलेल्या कॅलरींच्या जवळपास आली पाहिजे. ही गुणाकाराची रीत अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर यांची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, आणि जग अजून तिच्यावरच चाललंय. छापखानेवाल्यानं दाखवलेल्या त्या उडदाच्या पाकिटाला ही रीत लावली, तर दीडशेच्या आसपास कॅलरी हिशेबाबाहेर निघाल्या. काकू म्हणाल्या, "बघ. उतरवलं असतं तर त्यांची चूकही मीच छापली असती."

कर्बोदकं तर बऱ्याचदा मोजतच नाहीत. १०० ग्रॅममधून पाणी, प्रथिनं, स्निग्धं आणि राख वजा केली की उरेल त्याला कर्बोदकं म्हणायचं. काकूंना यात काही नवल वाटलं नाही. महिन्याच्या शेवटी घरखर्चात 'इतर' म्हणून जे लिहितात, ते याच पद्धतीनं येतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्यांना दचकवलं ते एका वेगळ्याच रकान्यानं: सोडियम. पापडाच्या पाकिटावर लोक कॅलरी वाचतात, पण पापडाची खरी बातमी त्या खालच्या ओळीत असते. मीठ म्हणजे सोडियम, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि आम्ही मिठागरांच्या तालुक्यात राहतो! अन्नसुरक्षेच्या २०२०च्या नियमांप्रमाणे पाकिटावर १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, स्निग्धं यांच्याबरोबर सोडियमही लिहावं लागतं. "मीठ कमी केलं तर पापड पापड राहत नाही," काकू म्हणाल्या, "आणि खार कमी केला तर फुलत नाही. तू आकडा लिही. खाणारा ठरवील."

पण आकडा नेटवर नव्हता. तांदूळ, पोहे, वाल, बोंबील, सगळ्यांच्या ओळी सापडल्या; पेणच्या पोह्याच्या पापडाची, तीही काकूंच्या हातच्या मिठाची, कुठे असणार? शेवटी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा ठरला. पैसे लागतात, काकूंनी घासाघीसही करून बघितली. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी तो आधी देवापुढे ठेवला, मग मला दाखवला. त्यावर त्यांचं नाव होतं, नमुन्याची तारीख होती, कुठल्या पद्धतीनं काय मोजलं ते होतं आणि खाली सही होती. काकूंनी ते सगळं सोडून एकच विचारलं, "हे कच्च्या पापडाचं ना? आणि लोक खातात तो तळलेला. मग तेल कुणाच्या नावावर?"

तेलाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भाजून खावा, असं एक वाक्य पाकिटावर छापावं का यावर सूनबाई अनुकूल आहेत आणि काकू ठाम विरोधात.

मध्यंतरी थंडीत रोह्याजवळच्या शेतावर पोपटी होती. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, खडे मीठ आणि ओवा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि गोवऱ्यांचा जाळ. ना तेल, ना पाणी. आम्ही सगळे धुरापासून तोंड चुकवत गोल उभे होतो, आणि भाच्यानं अ‍ॅप उघडलं. त्यात पोपटी नव्हती. मग त्यानं नवी नोंद करायला घेतली. अ‍ॅपनं माप विचारलं: कप, वाटी, चमचा की तुकडा?

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

"मडकं लिही," आत्या म्हणाली, "आणि आधी ते अंडं इकडे दे."